आज काय करायचं नाही? अनुभव लिहा

रोजच्या कामांची यादी कशी करावी हे सांगणारे उदंड झालेत. मला उलटं विचारायचंय. यादीतून काय काढता, कसं ठरवता, आणि काढल्यावर कोणाला कळवता? 'माझं सगळं वेळेत होतं' म्हणणाऱ्यांनीही जरूर लिहावं, आम्ही जरा संशयाने वाचू.

सुरुवात मी करते. 'जुने फोटो लावून ठेवणे' ही ओळ माझ्या यादीत कायमची मुक्कामाला होती. रोज सकाळी नवं पान काढलं की ती आधी उतरवायची. एकदा पेन थांबवून स्वतःला विचारलं, हे नाहीच केलं तर कोणाचं काय अडणार आहे? कोणाचंच नाही. खोडली. फोटो अजून तसेच खोक्यात आहेत आणि खोकं माळ्यावर सुखी आहे.

तेव्हापासून नियम केला. एखादं काम तिसऱ्यांदा पुढच्या पानावर न्यायची वेळ आली की तीनच वाटा: आत्ता करायचं, तारीख घालायची, नाहीतर खोडायचं. म्हणूनच मी वही वापरते. मोबाइलमधली यादी राहिलेली कामं आपली आपण उद्यावर ढकलते, कोणाला पत्ता लागत नाही. हाताने तीच ओळ पुन्हा लिहायचा कंटाळा आला की ते काम किती गरजेचं आहे ते समजतं.

*

मी भाषांतरं करतो, त्यामुळे तारखा हाच माझा जाच. माझं म्हणणं, खोडायचं काय हे नंतर बघा, आधी दिवसात मावतं किती ते बघा. १९९४ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस. सगळं बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरूनसुद्धा अंदाज कमीच पडला!

मी आता प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहितो, आणि ती मनाने लिहीत नाही. मागच्या वेळी तसल्याच कामाला किती लागली होती ते बघून टाकतो. मग बेरीज. हाताशी असलेले तास संपले की तिथे आडवी रेघ. रेघेखालचं आज नाही, मग ते कितीही सोपं दिसो. 'पटकन एक मेल टाकतो' हे काम माझ्याकडे वीस मिनिटांचं निघालं. पटकन वगैरे काही नसतं.

*

मी वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे औषधाच्या तक्त्यावर रिकामा चौकोन ठेवायचा नसतो. औषध दिलं तर सही, नाही दिलं तर का नाही ते लिहायचं: पेशंट उपाशी ठेवलाय, बीपी कमी आहे, पेशंटने नको म्हटलं. कारण चौकोन रिकामा दिसला तर पुढच्या ड्युटीवरच्या सिस्टरला कळणार कसं, द्यायचं राहिलं की मुद्दाम दिलं नाही? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घरच्या यादीलाही मी हेच लावलं. न केलेल्या कामापुढे दोन शब्द. 'बहीण करणार आहे.' 'आता गरज नाही.' 'दमले.' हो, 'दमले' हेही कारण चालतं. नुसतं काट मारलेलं काम मला रात्री आठवत राहायचं, ज्यापुढे कारण लिहिलंय ते फारसं आठवत नाही.

*

वरच्या ताई, चौकोनाचं फार पटलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या बोर्डावर 'चालू' या रकान्यात एका माणसाची तीनपेक्षा जास्त कार्डं राहू देत नाहीत. चौथं घ्यायचं तर एक संपवा किंवा परत ठेवा. पद्धत मूळची टोयोटाच्या कारखान्यातली. आधी चीड यायची, कारण दहा कामं उघडी असली की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात एक ना धड भाराभर चिंध्या.

खरी अडचण वरून येणाऱ्या कामाची. साहेबांना नाही म्हणता येत नाही. मी म्हणतो, "सर, घेतो. मग रिपोर्ट आणि टेस्टिंग यातलं मागे काय ठेवू?" बऱ्याचदा उत्तर येतं, "अरे नाही नाही, ते दोन्ही आधी. हे पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात त्यांच्याही लक्षात नसतं. पण हे विचारताना आवाजात कुरकुर नको. खरंच विचारतोय असं वाटलं पाहिजे.

*

सगळं वाचलं. छान आहे, पण एक विचारू? तुम्ही खोडता ते काम जातं कुठे?

सासऱ्यांचं सगळं अंथरुणावर आहे, मी घरी असते. 'दुधाचा हिशोब', 'बँकेचं', 'डॉक्टरांना फोन' हे कोणीतरी आपल्या यादीतून काढलं की संध्याकाळपर्यंत माझ्या यादीत येतं. यादी तरी कसली, डोक्यातच असते सगळी. फोटोंचं खोकं खोडता येतं हो, दर दोन तासांनी कूस बदलायची असते ती खोडता येत नाही. आणि तो चार चौकोनांचा तक्ता असतो ना, तातडीचं-महत्त्वाचं वाला, त्यातला 'दुसऱ्याकडे सोपवा' हा चौकोन मी कोणाकडे सोपवू?

तरी एक जमलंय. यादी फ्रिजवर लावली आणि प्रत्येक कामापुढे नाव घातलं. माझं नाव किती वेळा येतं ते मोठ्याने सांगावं लागलं नाही. मुलाने स्वतःहून औषधं आणायच्या ओळीपुढचं माझं नाव खोडून आपलं लिहिलं. नवरा अजून वाचतोय.

*

+१. 'नवरा अजून वाचतोय' 😄

*

ताई, बरोबर धरलंत. माझ्या तीन वाटांमध्ये 'हे आता कोणाच्या गळ्यात पडेल' हा प्रश्न नव्हताच. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

*

त्या चार चौकोनांवरून आठवलं. ते अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर याच्या नावावर चालतात, पण १९५४ च्या भाषणात त्याने तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला तो एका माजी कॉलेज-अध्यक्षाचा दाखला देऊन. चौकोन पुढे इतरांनी आखले. निवृत्त शिक्षक आहे, चुकीचा संदर्भ दिसला की हात शिवशिवतात.

माझा अनुभव रात्रीचा. निवृत्तीनंतर कामं कमी झाली तरी झोपताना डोक्यात घोळायची थांबेनात. अमेरिकेत २०१८ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, ५७ जणांचा. निजण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढची कामं लिहिली, काहींनी झालेली. पुढची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकं तपशीलवार लिहिलं तितकी लवकर. प्रयोग लहान, त्यावर इमले बांधू नयेत. पण मी तेव्हापासून रात्रीच लिहितो, आणि त्यातलं एक काम लगेच खोडतो. सकाळी उत्साहाच्या भरात खोडवत नाही. रात्री दमलेला माणूस जास्त खरं बोलतो.

*

माझा प्रश्न वेगळा आहे. 'जर्मन शिकणे' ही ओळ माझ्या यादीत कॉलेजपासून आहे. खोडलं तर कोणाचं काही अडत नाही, कोणाच्या गळ्यातही पडत नाही. म्हणजे वरच्या सगळ्या नियमांनी ती जायला हवी. पण खोडवत नाही. काय करू?

*

मग नका खोडू. पण 'जर्मन शिकणे' हे काम नाही, ते वर्षभराचं प्रकरण आहे, म्हणून रोज त्याला बगल दिली जाते. पहिला धडा, किती मिनिटं आणि कुठला दिवस, एवढंच लिहा. मी सासऱ्यांच्या फिजिओच्या व्यायामाचं असंच केलंय. 'व्यायाम' लिहिलं की राहायचा, 'चहाआधी उजवा पाय, दहा वेळा' लिहिलं की होतो. रविवारी बसा अर्धा तास.

*

रविवारी जमणार नाही, मामेबहीण येतेय. शनिवार लिहिलाय, सकाळी सात. आणि त्यासाठी शनिवारचं 'गाडी धुणे' रेघेखाली गेलंय. कारणही लिहिलंय समोर: पाऊस.