मदत हवी आहे : ऊसतोडीला जाणाऱ्या एचआयव्ही रुग्णांच्या गोळ्यांचं काय करता?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत समुपदेशक आहे. एमएसडब्ल्यूचा प्रबंधही चालू आहे. विषय : ऊसतोड कामगारांचे एआरटी उपचार (एचआयव्हीच्या रोज घ्यायच्या गोळ्या) मध्येच का तुटतात.

वाचताना मोझांबिकच्या टेटे प्रांतातला प्रयोग सापडला. २००८ साली तिथे रुग्णांचे सहा-सहा जणांपर्यंतचे गट केले. दर महिन्याला एकाने दवाखान्यात जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण सहा महिन्यांनी. सुरुवातीच्या अभ्यासात वर्षभरानंतरही ९७ टक्क्यांहून जास्त लोक उपचारात टिकले होते. अर्थात ते मुळात तब्येत स्थिर असलेले रुग्ण होते, हे विसरून चालणार नाही.

वाचून वाटलं, हे तर आपल्या टोळीला फिट्ट बसतंय! पण मग एक ताई आठवल्या. कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) गोळ्यांची डबी खुळखुळली की शेजारीण विचारते, म्हणून त्या डबीत कापूस कोंबतात. लेबल तर पहिल्याच दिवशी खरवडून टाकलेलं. त्या गटात कशा येतील?

तर विचारायचं होतं :

कुणी असे गट चालवलेत का? टोळीतलेच लोक घेतले की वेगवेगळ्या गावांतले? एकाने दुसऱ्याच्या गोळ्या न्यायला तुमच्या केंद्रात परवानगी मिळते का? आणि संमतीपत्रात ‘अ‍ॅडहिअरन्स’ला (म्हणजे गोळ्या न चुकता घेण्याला) काय लिहिता? ‘उपचारनिष्ठा’ म्हटलं की बाया हसतात हो.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतील, त्याआधी कळलं तर बरं होईल.