मदत हवी आहे: सोलापूर शहर मध्य मतदारसंघातल्या उमेदवारासाठी ऑनलाइन वर्गणीची लिंक

अक्कलकोटरोड
अर्जंट आहे. पोरांनी उत्साहात ग्रुपवर क्यूआर टाकलेत, पाच-सहा फिरतायत, हिशेब जुळेना. एकाचं खातं बँकेनं होल्डवर टाकलंय. चांगली वेबसाइट सांगा. २०१९ ला लोकसभेला बेगुसरायच्या कन्हैया कुमारला लिंकवरून ७० लाख आले होते, तसं काहीतरी.

सातरस्ता
विधानसभा का महापालिका? पक्ष का अपक्ष? अर्ज भरला का? क्यूआर कुणाच्या खात्याचे?

अक्कलकोटरोड
विधानसभा. अपक्ष. अर्ज सोमवारी भरायचाय. क्यूआर पोरांचेच, अजून कुणाचे असणार?

चाटीगल्ली
देणगीदारांना ८०जीजीसी कलमाखाली आयकरात पूर्ण सूट मिळते, हे पोस्टरवर मोठ्या अक्षरात टाका.

सातरस्ता
टाकू नका! ती सूट नोंदणीकृत पक्षाला दिलेल्या देणगीवर आहे, अपक्षाला नाही. नवीन कररचनेत तर तीही नाही.

हिशेबवही
लिंक नंतर. आधी निवडणूक खर्चाचं वेगळं खातं उघडा, अर्जाच्या किमान एक दिवस आधी. उमेदवाराच्या एकट्याच्या नावे किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत जोड. उमेदवाराचा भाऊ प्रतिनिधी नसेल तर त्याच्यासोबत नाही. खाते क्रमांक अर्जासोबत लेखी द्यायचा. त्याच खात्याचा एकच क्यूआर छापा आणि एक रुपया पाठवून उमेदवाराचं नाव दिसतं का बघा. सोबत साधा फॉर्म: नाव, पत्ता, रक्कम, बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक). पासबुकात नाव अर्धवट येतं, जुळणी यूटीआरनंच होते. जमा रक्कम खर्च नोंदवहीच्या पिवळ्या पानांवर, रोख गुलाबीवर, रोजचा खर्च पांढऱ्यावर.

टिकेकरवाडी
क्राउडफंडिंग साइटच बरी, म्हणजे लोकवर्गणी गोळा करणारी वेबसाइट. पावती आपोआप निघते.

हिशेबवही
साइटची पडताळणी होऊन पैसे खात्यात येईपर्यंत प्रचार अर्धा संपतो. आणि कन्हैया आधीच देशभर माहीत होता.

विडीघरकुल
लिंक-बिंक राहू द्या. विडी कामगार बायका दहा-वीस रुपये रोख देतात. नंबर छापलेलं पावतीपुस्तक घ्या, संध्याकाळी पैसे त्याच खात्यात भरा. खर्च करताना मात्र एका व्यक्तीला सगळ्या निवडणुकीत मिळून १०,००० पर्यंतच रोख, पुढचं चेकनं.

सातरस्ता
फॉर्ममध्ये 'मी भारतीय नागरिक आहे' अशी टीक ठेवा. उमेदवाराला परदेशी देणगी चालत नाही. दुबईतला भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत देऊ शकतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला काका नाही, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी.

टिकेकरवाडी
४० लाखांच्या खर्चमर्यादेवर कुणीच बोलत नाही. ती वाढवायला पाहिजे.

अक्कलकोटरोड
त्याचा वेगळा धागा काढा की ओ. पोरांच्या खात्यात आधीच आलेल्या पैशांचं काय? एकदम उमेदवाराला पाठवू?

हिशेबवही
नको. मग वहीत देणगीदार म्हणून त्या पोराचंच नाव येईल, खरे देणारे गायब. ज्या यूपीआय आयडीवरून आले तिथंच परत पाठवा, दोन्ही यूटीआर जपा, आणि त्यांना नव्या क्यूआरवर द्यायला सांगा. होल्डवाल्या पोरानं बँकेत लेखी अर्ज द्यावा, सोबत आलेल्या रकमांची यादी जोडावी. जुने क्यूआर ग्रुपवरून आजच काढा.