'रेबेका' : जुना की नवा?

प्रश्न : कोथरूडच्या फिल्म क्लबात १९४० आणि २०२० चा 'रेबेका' लागोपाठ दाखवायचाय. रीमेक मूळ सिनेमाच्या जवळपास तरी पोचतो का?

उत्तर १ : नाही. जुन्याचा दिग्दर्शक हिचकॉक घराची कारभारीण डॅनव्हर्सबाईंना चालताना क्वचितच दाखवतो. नायिका, म्हणजे घरात आलेली दुसरी बायको, वळते, तर बाई शेजारी उभ्याच! पहिली बायको रेबेका कशी मेली, याची नवरा कबुली देतो त्या प्रसंगातही फ्लॅशबॅक नाही, कॅमेरा रिकाम्या जागेवरून फिरतो आणि न दिसणारी रेबेका जाणवते. नवा देखणा आहे, पण भीती पातळ.

उत्तर २ : एका बाबतीत नवाच प्रामाणिक. मूळ कादंबरीत नवरा रेबेकाला गोळी घालतो. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीमुळे हिचकॉकला तिचा मृत्यू अपघात म्हणून दाखवावा लागला.

उत्तर ३ : आणि याच कथेवरचा हिंदी 'कोहरा' (१९६४) विसरलात की! वहिदा रेहमान, हेमंतकुमारांचं संगीत. गाण्यांनी ताण सैलावतो, हे मात्र खरं.

उत्तर १ : दोन्ही दोन तासांवर आहेत, मध्ये चहा ठेवाच.