मदत हवी आहे: उठावाच्या सोन्याला पावसाळ्यात भेगा

मध्ययुगीन युरोपीय हस्तलिखितांसारखे आद्याक्षर सजवायचे आहे. नुसता सोनेरी रंग नको. पान उलटताना उजेड अक्षरावरून सरकायला हवा, म्हणून उठाव हवाच. वर्खाखाली उठावासाठी द्यायच्या लेपाचे प्रमाण पारंपरिक: विझवलेले (भरपूर पाण्यात मुरवून घट्ट न होणारे केलेले) प्लास्टर 8 भाग, शिशाचा सफेदा 3 (विषारी, कोरडा घोटू नये), साखर 1, माशाचा सरस 1, रंगापुरता गेरू. वाळलेल्या थराला नळीतून श्वासाची वाफ देऊन सोन्याचा वर्ख बसवायचा, मग अकीकाने (गुळगुळीत कठीण दगडाने) घोटायचे.

चर्मपत्रावर छान जमते. जाड सुती कागदावर, कोकणातल्या दमट हवेत, साखर ओल ओढते, थर चिकट राहतो आणि घोटताना वर्ख अकीकाबरोबरच निघून येतो. साखर अर्धी केली की कागद वाकताच भेगा!

साखर नेमकी किती ठेवावी? की थरच पातळ करून तीन-चार हात द्यावेत? कागदाला आधी सरसाचा हात देऊन कुणी पाहिलंय का?