अनुभव धागा: व्हॅलेंटिनो रॉसीचे आपण कधी झालो?

इटलीचा मोटारसायकल रेसर व्हॅलेंटिनो रॉसी. त्याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. नऊ विश्वविजेतेपदं, त्यातली सात सर्वोच्च गटात, एकूण ११५ विजय. १२५ सीसी, २५० सीसी, ५०० सीसी आणि मोटोजीपी (आताचा सर्वोच्च गट) या चारही गटांत जगज्जेता झालेला हा एकटाच. हा धागा त्यासाठी नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही त्याचे कधी झालात? आणि २००९ नंतर त्याला एकही विजेतेपद मिळालं नाही, तरी तो आणखी बारा वर्षं धावत राहिला, तेव्हा तुम्ही का टिकून राहिलात?

सुरुवात मी करते. माझं उत्तर वेलकम, दक्षिण आफ्रिका, १८ एप्रिल २००४. बारावीची परीक्षा संपली होती, दादा टीव्हीसमोरून हलत नव्हता म्हणून मीही बसले. त्याने समजावलं, हा होंडावर लागोपाठ तीन वर्षं जगज्जेता झालाय आणि ते सगळं सोडून यामाहाकडे गेलाय. यामाहाने आदल्या मोसमात एकही शर्यत जिंकली नव्हती. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९९२ चं, वेन रेनीचं. "या वर्षात एखादी जिंकला तरी पुष्कळ झालं," दादा म्हणाला. तो पहिलीच जिंकला. मॅक्स बियाजी शेवटपर्यंत मागे चिकटून होता, फरक पाव सेकंदाहूनही कमी. नंतर रॉसीने गाडी ट्रॅकच्या कडेला उभी केली आणि तिच्या शेजारी खाली बसला. मान खाली, खांदे हलतायत. मला वाटलं रडतोय. पुढे त्यानेच सांगितलं की हेल्मेटच्या आत तो हसत होता. त्या दिवसापासून मी त्याची.

आता तुम्ही लिहा. सविस्तर लिहा.

कोल्हापूर

वडिलांचं रेडियमचं दुकान होतं. शाळेतून आलो की मी तिथेच. पिवळ्या रोलवर रॉसीच्या गाडीचा नंबर ४६ उलटा काढायचा, ब्लेडने कापायचा, टाकीवर साबणाचं पाणी मारून चिकटवायचा आणि प्लास्टिकची पट्टी ओढून आतले फुगे बाहेर काढायचे. चाराची तिरकी रेघ जरा उभी झाली तर पोरं परत करायची, "हा रॉसीचा न्हवं" म्हणून. पल्सरवर लावले, स्प्लेंडरवर लावले, एकाने दुधाच्या एम-८० वर लावून घेतला. तोवर मी त्याची एकही शर्यत पाहिलेली नव्हती!

मग एका गिऱ्हाइकाने सांगितलं की ४६ हा त्याच्या वडिलांचा नंबर. ग्राझियानो रॉसी स्वतः रेसर होते, १९७९ मध्ये २५० सीसीच्या शर्यती जिंकलेले. जगज्जेत्याला पुढच्या वर्षी गाडीवर १ नंबर लावायचा मान मिळतो. मोटोजीपीत विजेता होऊनही ह्याने बापाचा नंबर काढला नाही. माझ्या बापाच्या दुकानात बसून हे ऐकलं आणि मला पुढचं काही पटवून द्यावं लागलं नाही.

पहिली शर्यत पाहिली ती लगुना सेका, २० जुलै २००८. अमेरिकेतली, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. त्याचा प्रतिस्पर्धी केसी स्टोनर आधीच्या तिन्ही शर्यती जिंकून आला होता. कॉर्कस्क्रू नावाचं एक वळण आहे तिथे, डावीकडून उजवीकडे आणि रस्ता एकदम खाली कोसळतो. रॉसीने तिथे आतून गाडी घातली, चाकं ट्रॅक सोडून मातीत गेली, आणि तो तसाच पुढे निघून आला. मी ओरडलो. आईला वाटलं घरात चोर शिरला.

नाशिक

मी स्टोनरचा माणूस. तरीही लिहितो, कारण त्या लगुना सेकाच्या रात्री मीही जागा होतो आणि आमच्या घरात शुकशुकाट होता. ती ओव्हरटेक मला आजही नियमाच्या काठावरची वाटते. २०११ च्या हेरेझमध्ये पावसात रॉसी घसरला तो स्टोनरला घेऊनच. नंतर माफी मागायला गेला, तर स्टोनरने तोंडावर ऐकवलं की तुझी महत्त्वाकांक्षा तुझ्या कौशल्यापेक्षा मोठी झाली. मी घरात टाळ्या वाजवल्या होत्या.

पण स्टोनरची ताकद मला नीट दिसली ती रॉसीमुळेच. ज्या डुकाटीवर स्टोनर २००७ ला जगज्जेता झाला, त्याच कंपनीच्या गाडीवर रॉसी २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं एकही शर्यत जिंकू शकला नाही. आणि त्या दोन वर्षांत त्याच्या पिवळ्या स्टँडमधला एकही झेंडा कमी झाला नाही, हेही मी पाहिलं. माझ्या माणसाला ते कधी मिळालं नाही.

ठाणे (धागाकर्ती)

नाशिककर, मनापासून लिहिलंत. तुमच्यासारख्या सगळ्यांनी इथे लिहा. बियाजीवाले, लोरेन्झोवाले, मार्केझवाले, त्याच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे चाहते या.

क्वालालंपूर

मूळची सांगलीची, नोकरीनिमित्त इकडे. सेपांग सर्किट घरापासून तासाभरावर, त्यामुळे भारतातल्या मंडळींनी टीव्हीवर पाहिलेलं मला उन्हापावसात बसून पाहता आलं.

२५ ऑक्टोबर २००९. सुरुवातीच्या वेळेलाच असा पाऊस कोसळला की शर्यत उशिरा सुरू झाली. टेकडीवरच्या गवतात आम्ही रेनकोटमध्ये, पायाखाली चिखल, शेजारी इंडोनेशियाहून आलेली पोरं. मलेशियापेक्षा त्यांचाच आवाज मोठा. स्टोनर जिंकला, रॉसी तिसरा, पण तेवढ्यावरच त्याचं नववं विजेतेपद पक्कं झालं. मग कोंबडी आली! खरीखुरी! म्हातारी कोंबडी रस्सा चांगला करते अशी एक इटालियन म्हण आहे, ती त्याच्या टीशर्टवर. तीस वर्षांचा होता तो तेव्हा. ते त्याचं शेवटचं विजेतेपद ठरेल असं त्या चिखलात कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला हाकललं असतं.

दोन वर्षांनी, २३ ऑक्टोबर २०११ ला, त्याच ट्रॅकवर मी होते. दुसराच लॅप. मार्को सिमोन्सेलीची गाडी घसरली, पण बाहेर न जाता परत आत, ट्रॅकवर आली. मागून कॉलिन एडवर्ड्स आणि रॉसी येत होते. दोघांनाही चुकवायला जागाच नव्हती. आम्ही दुसऱ्या बाजूला होतो, मोठ्या पडद्यावर फक्त हेल्मेट वेगळं घरंगळताना दिसलं. लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबवली. मग बराच वेळ काही नाही. लोक बाटल्या फेकायला लागले, कारण कुणी काही सांगत नव्हतं. शर्यत रद्द झाल्याचं कळलं आणि मार्को गेल्याचं परतीच्या बसमध्ये. तो रॉसीचा जिवाभावाचा मित्र, दोघं घराजवळच्या मातीत एकत्र सराव करायचे. त्यानंतर व्हॅलेन्सियाला त्याच्या वडिलांनी एक मिनिट शांततेऐवजी एक मिनिट दणदणाट मागितला आणि सगळ्यांनी इंजिनं गर्जवली.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. असा दिवस पाहिल्यावर हा माणूस पुन्हा गाडीवर बसला. २९ जून २०१३ ला आसेनला, जवळजवळ पावणेतीन वर्षांनी पुन्हा जिंकला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

पुणे

२००६ कुणीच का लिहीत नाही? मला तर रॉसी तिथेच सापडला. शेवटच्या शर्यतीआधी तो निकी हेडनच्या आठ गुणांनी पुढे होता. व्हॅलेन्सियाला पाचव्या लॅपमध्ये घसरला. गाडी उचलली, तेरावा आला, पाच गुणांनी विजेतेपद गेलं. त्याच्या आधीच्या एस्तोरिलच्या शर्यतीत टोनी एलियासने त्याला ०.००२ सेकंदाने हरवलं होतं. ती जिंकला असता तर गुण समसमान झाले असते आणि जास्त विजय म्हणून तोच जगज्जेता. दोन हजारांश सेकंद! कॉलेजच्या कट्ट्यावर आम्ही महिनाभर हेच गणित मांडत होतो. पण शर्यत संपताच त्याने निकीला गाठून त्याचा हात हातात घेतला, तो प्रसंग त्या गणितापेक्षा जास्त लक्षात राहिला. निकी २०१७ मध्ये इटलीतच सायकल चालवताना झालेल्या अपघातात गेला.

पिंपरी

मी हौशी रेसर, चेन्नईच्या ट्रॅकवर आर१५ चालवतो. रॉसीचं मला काय मिळालं तर ब्रेकिंग. वळणाआधी ब्रेक दाबताना आतल्या बाजूचा पाय फूटपेगवरून (पाय ठेवायच्या दांडीवरून) काढून खाली सोडायचा, ही त्याची लकब. आज ग्रीडवरचा जवळजवळ प्रत्येक जण तो पाय सोडतो. कुणी म्हणतं तोल मिळतो, कुणी म्हणतं वाऱ्याचा अडथळा वाढतो, ठाम उत्तर कुणी देत नाही. मी करून पाहिलं, तर मला एवढंच जाणवलं की गाडी झोपवायच्या आधी अंग सैल पडतं. गुडघा टेकतो तोही मग न घाबरता. आणि हो, गाडीवर बसण्याआधी उजव्या फूटपेगशी उकिडवं बसून दोन क्षण तिच्याशी बोलल्यासारखं करायचा, ते मात्र मी केलेलं नाही. ते त्याचं आहे.

बोलोन्या, इटली

इथे पीएच.डी. करतो. २०१६ ला मुजेलोला गेलो. रॉसी पोल पोझिशनवर, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात, मग लोरेन्झोच्या मागे लागलेला, आणि अचानक मागून पांढरा धूर. इंजिन गेलं. माझ्या शेजारी सत्तरीच्या आजी होत्या, पिवळी टोपी, पिवळा स्कार्फ. त्यांनी पिशवीतून ब्रेड काढला, मलाही अर्धा दिला आणि उरलेली शर्यत पाठ करून खाल्ला. तावुल्या हे त्याचं गावही पाहून आलो. छोटंसं, टेकडीवर, जिथे बघाल तिथे पिवळे झेंडे.

नागपूर

२०१५. मी अजून त्याबद्दल शांतपणे लिहू शकत नाही. रॉसी जवळजवळ सगळा मोसम गुणांत आघाडीवर, सेपांगला मार्केझशी झालेली ती टक्कर, आणि त्याची शिक्षा म्हणून शेवटच्या शर्यतीत सगळ्यात मागून सुरुवात. चौथा आला. पिटलेनमध्ये परतताना इतर संघांचे मेकॅनिक बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. पाच गुणांनी विजेतेपद लोरेन्झोला. बस, एवढंच.

ग्रेटर नोएडा

सप्टेंबर २०२३ ला बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली तेव्हा रॉसी निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली होती. तरी स्टँडमध्ये ४६ चे टीशर्ट सगळीकडे. उकाडा इतका की शर्यतीचे लॅप कमी केले. जिंकला मार्को बेझेकी, रॉसीच्याच संघाकडून, त्याच्याच अकादमीत तयार झालेला. आमच्या रांगेत औरंगाबादचे एक काका होते, ते प्रत्येक लॅपला उभे राहून ओरडत होते, "आपल्या रॉसीचा पोरगा!"

सातारा

मी अकरावीत आहे. रॉसीला जिंकताना पाहिलं तेव्हा मी खूप लहान होतो, काहीच आठवत नाही. मी पेक्को बन्याया या रेसरला पाहून आलो. रॉसीच्या शेवटच्या शर्यतीत बन्याया त्याच्या जुन्या हेल्मेटचं डिझाइन घालून धावला आणि जिंकला, तिथून मागे मागे जात इथे पोचलो. ताई, पहिली कुठली पाहू?

ठाणे (धागाकर्ती)

बाळा, वेलकम तर पाहशीलच. कातालुन्या २००९ पाहा, शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर, जिथे कुणी ओव्हरटेक करत नसे, तिथे तो लोरेन्झोच्या आतून गेला. पण पहिली पाहा फिलिप आयलंड २००३. धोक्याचा पिवळा झेंडा दाखवलेला असताना ओव्हरटेक करून पुढे गेला म्हणून त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली. संघाने ट्रॅकच्या कडेला धरलेल्या पिटबोर्डवर ते कळल्यापासून पुढचे लॅप नीट पाहा. तोवर तो इतरांबरोबर धावत होता, त्यानंतर एकटाच धावला. पंधरा सेकंदांनी पुढे राहून आला, दहा वजा केले तरी पहिला. पाहिलंस की इथे येऊन लिही.