बॅटरी घेण्याआधी चार्जिंग तपासा

भाऊ, जुन्या पिकअपला ८० ऐवजी १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) बॅटरी टाकली तर अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर, ताण येईल का, असं विचारलंत. नाही येत. पार उतरलेली मोठी बॅटरी भरायला वेळ जास्त लागतो, एवढंच. खरी अडचण बॅटरी बसते त्या ट्रेची. क्लॅम्पमध्ये घट्ट बसली नाही तर आपल्या पांदण रस्त्यांवर आतल्या प्लेटा हादरून खराब होतात. प्लस कोणत्या बाजूला आहे तेही बघून घ्या, नाहीतर केबल पुरत नाही.

पण आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. पंधराच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला समजा. नवी बॅटरीही उकळून जाईल. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा, अर्थिंगची पट्टी घासा. निम्म्या वेळा सेल्फ तेवढ्यानंच उचलतो.

बॅटरी थंडीत जाते म्हणतात. जाते उन्हाळ्यात बाप्पा, कळते थंडीत! अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ पार, बॉनेटखाली त्याहून जास्त. पाणी उडतं, प्लेटा गंजतात. म्हणून मी तरी पाणी टाकता येणारीच घेईन. एप्रिल-मेमध्ये दर पंधरवड्याला झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर टाका, बोअरचं बिलकुल नाही.

दुकानात बनावटीचा महिना बघा, बिलावर वॉरंटीचा शिक्का घ्या. अन् जुनी बॅटरी फुकटात सोडू नका, शिशाला भाव असतो.