मदत हवी आहे: टीबीच्या गोळ्यांनी सासऱ्यांच्या पोटात काही टिकेना, खायला काय द्यावं?

नमस्कार सगळ्यांना. आम्ही जिंतूरकडचे, खेड्यात राहतो. माझ्या सासऱ्यांना (घरात सगळे अण्णाच म्हणतेत) फुफ्फुसाचा टीबी निघालाय, औषध चालू होऊन महिना होत आला. खोकला बराच उतरला, संध्याकाळचा ताप गेला, म्हणजे औषध लागू पडायलंय यात शंका नाही. पण पोटाचे लई हाल चाललेत. वजन ४४ किलो, त्या हिशोबानं रोज तीन गोळ्या एकदमच घ्यायच्या असतात, आणि घेतल्या की अर्ध्या-पाऊण तासात मळमळ सुरू, उमासे येतेत, कधी कधी उलटी, तोंड दिवसभर कडू आणि वरून करपट ढेकर. भाकरीचा घास घेतला की तोंडातच फिरवत बसतेत, गिळवत नाही. फोडणीचा नुसता वास आला तरी उठून ओसरीवर जातेत, म्हणून आता मी स्वयंपाक मागच्या चुलीवर करायलेय.

दवाखान्यात दाखवलंय, रक्त तपासलं, लिव्हर व्यवस्थित आहे म्हणले, त्यामुळं भीतीचं काही नाही. डॉक्टर म्हणले गोळी उपाशीपोटी घेतलेली चांगली पण सोसतच नसेल तर सोबत थोडं हलकं खायला द्या, तेलकट-तुपकट नको. आता हलकं म्हणून काय द्यायचं, किती द्यायचं, गोळीच्या आधी का नंतर, हे विचारायला तिथं गर्दीत वेळच मिळाला नाही. चहा-बिस्किटानं तर आणखीच पोटात आग पडते त्यांच्या. साबुदाण्याची खिचडी जड झाली. मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, फोडणी न देता, तेवढं टिकतं. पण रोज दोन्ही वेळा तेच म्हणल्यावर माणूस कंटाळणारच ना, जन्मभर काळ्या मसाल्याची आमटी अन् ठेचा खाल्लेला माणूस.

परवा मला म्हणले, "पोरी, आजच्या दिस राहू दे गं गोळी." मला त्याचीच धास्ती आहे. एकदा गोळी चुकवायची सवय लागली आणि टीबी औषधाला जुमानेनासा झाला तर पुढचं औषध याहून जड आणि कधी कधी लांबलचकही असतं. म्हणून जेवणातूनच काहीतरी जमवायचंय. ज्यांच्या घरात हे औषध झालंय त्यांनी प्लीज सांगा, काय काय दिलं, ताक चालतं का, पोटात आग पडली की मेडिकलमधली पातळ गुलाबी औषधाची बाटली दिली तर चालते का.

प्रतिसाद:
ताई, माझ्या नवऱ्याला हेच औषध होतं, आता पूर्ण बरे आहेत. पहिले दोन महिने जड जातात कारण त्यात चार औषधं असतात, त्यातलं पायराझिनामाइड पोटाला आणि सांध्यांना जास्त त्रास देतं, बहुतेकांचं ते दोन महिन्यांनी बंद होतं, मग पुढचे चार महिने त्या मानानं सुखाचे जातात. अण्णांना हे सांगा, शेवट दिसला की माणूस दम धरतो. आम्ही ज्वारीच्या कण्यांवर दिवस काढले. एक वाटी कण्या रात्री भिजवायच्या, सकाळी पाच-सहा वाट्या पाण्यात मीठ टाकून मंद आचेवर शिजवायच्या, सारखं हलवत राहा नाहीतर बुडाला लागतात आणि करपट वास आला की पेशंट तोंड लावत नाही. निवल्यावर गोडं ताक आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. गरम देऊच नका, गरम अन्नाला वास जास्त सुटतो, त्यानंच मळमळतं. गोळीसोबत अर्धी वाटीच द्यायच्या, बाकीच्या दोन तासांनी. ज्वारीच्या लाह्या डब्यात भरून उशाशी ठेवायच्या, मळमळायला लागलं की चार-चार चावायच्या. सुंठेचा बारका खडा चघळायला दिला तरी बरं वाटतं.

प्रतिसाद:
मी नांदेडकडं आशा म्हणून काम करते, डॉक्टर नाही, पण रोज हेच पेशंट बघते म्हणून लिहिते. ती गुलाबी बाटली मनानं देऊ नका. बहुतेक अशा औषधांत अॅल्युमिनियम असतं, त्यानं टीबीचं औषध पोटात नीट शोषलं जात नाही. द्यायचीच झाली तर डॉक्टरांना विचारून आणि गोळीपासून दोन तास तरी लांब. तीन गोळ्या एका घोटात न घेता एक-एक, सावकाश, घोट-घोट पाण्यासोबत घ्यायला लावा. काहींना सकाळी सोसत नाही, त्यांना डॉक्टर रात्री झोपायच्या आधी घ्यायला सांगतात, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते, हे नक्की विचारा. उलटी होऊन गोळी पडली तर परत द्यायची की नाही ते मनानं ठरवू नका, त्याच दिवशी फोन करून विचारा. सध्या ऊन किती आहे बघा, उलट्यांनी पाणी कमी पडलं तर म्हातारं माणूस लगेच गळतं. ओआरएसचं पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे.

आणि एक महत्त्वाचं. लघवी केशरी होते ती यातल्याच रिफाम्पिसिन नावाच्या औषधामुळं, त्याला घाबरायचं नाही. पण त्यामुळं कावीळ लघवीवरून ओळखू येत नाही, म्हणून रोज उजेडात डोळ्याचा पांढरा भाग बघत जा. पिवळसर वाटला, उलट्या थांबेचनात किंवा उजव्या बरगडीखाली दुखायलं तर थेट दवाखाना, मग घरचे उपाय करत बसायचं नाही. लिव्हर आज ठीक आहे म्हणून पुढं बघायचंच नाही असं करू नका. हातापायाला मुंग्या आल्या तरी सांगा, त्याला व्हिटॅमिन बी-६ ची गोळी असते. निक्षयचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते पैसे खात्यात येतात का? नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत, ते अंडी-डाळीसाठीच आहेत. अडलं तर टीबीच्या सरकारी हेल्पलाइनला १८००-११-६६६६ वर फोन करा, फुकट आहे.

प्रतिसाद:
वरच्या ताईंचं बरोबर आहे, फक्त ताक आंबट नको. आमच्या आईला आंबट ताकानं छातीत जळजळायचं, मग आम्ही तांदळाची पेज दिली. तंबाखू असेल तर आधी ती सोडवा, रिकाम्या पोटी तंबाखूनं निम्मी मळमळ तीच असते.

पुन्हा मीच लिहितेय:
सगळ्यांचे लई लई आभार. तंबाखूची चंची खिशात असतेच अण्णांच्या, ते माझं ऐकणार नाहीत, पण नातवाचं ऐकतेत, त्याला सांगते. आज कण्या भिजत घातल्यात. रात्री गोळी घेण्याचं उद्या दवाखान्यात विचारून इथंच कळवते. अंडं उकडलेलं दिलं तर वास येतो म्हणतेत, दुसऱ्या कोणत्या प्रकारे देता येईल का? फार तेल न लागता होणारं सांगा.

प्रतिसाद:
मऊ भातात शेवटच्या वाफेला अंडं फोडून फेटून टाका, मीठ-जिरं घाला आणि चांगलं शिजू द्या, कच्चं राहू देऊ नका. गार करून द्या. आमच्याकडं कळतच नव्हतं अंडं आहे म्हणून.